आठ महाविद्यालयांच्या चेंडूझुंजींचे भाकीत

श्रीगजानन प्रसन्न. वाचणाराचे डोळे आणि लिहिणाराची मान, दोन्ही शाबूत राहोत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, फाल्गुन मास, ते समयी एका राज्यात जे वर्तमान घडले ते येथे लिहिले आहे. राज्याचे नाव कोणते म्हणोन विचारू नये. ज्यास ठाऊक आहे त्याने गप्प बसावे आणि ज्यास ठाऊक नाही त्याने सुखी असावे. त्या राज्यात बास्केटबॉल म्हणोन खेळ बहुत मातबर होता. पाच गडी इकडे, पाच गडी तिकडे, मध्ये एक चेंडू, आणि दोन्ही टोकांस दहा दहा फुटांवर लोखंडी कडी टांगोन त्या कडीस जाळी बांधावी, जाळीस बूड नसावे. मग जिवाचे रान करोन चेंडू त्यात टाकावा आणि तो तत्काळ खालून पडावा, की लोकांनी टाळ्या पिटाव्या. राज्यातील बहुतेक योजनाही याच रीतीने चालत, सबब लोकांस खेळ लवकर समजला. दरसाल फाल्गुनात आठ महाविद्यालयांच्या मुलींच्या फौजा राजधानीस जमत आणि तीन दिवस झुंजत, आणि ज्या फौजेस जय मिळे तिच्या प्राचार्यांचे छायाचित्र चौकाचौकात लागे. मुलींचे लागत नसे, कां की फलकावर जागा उरत नसे.

या स्पर्धेचे धनी खुद्द श्रीमंत. राजधानीचे महाविद्यालय श्रीमंतांचे, छपराचे क्रीडागार श्रीमंतांचे, पंच श्रीमंतांच्या पंक्तीस जेवणारे, आणि राजधानीच्या फौजेची नायिका श्रीमंतांची सख्खी नात. श्रीमंतांचे पदरी येसाजीराव म्हणोन गृहस्थ भाकीतनवीस होते. त्यांचे काम ऐसे की, झुंजी सुरू होण्याआधी कोण कोणास भारी पडेल हे लिहोन द्यावे. मग ते छापोन राज्यभर वाटले जाई, लोकांच्या फोनवरही जाई, आणि लोक चहाच्या टपरीवर त्यावरून दिवसभर हमरीतुमरीवर येत. येसाजीरावांनी अकरा वर्षे भाकिते लिहिली आणि एकही चुकले नाही, ऐसी कीर्ती होती. कीर्तीचे मर्म इतकेच की, ते लिहीत, “अमक्या फौजेचे पारडे जड दिसते, तथापि तमकीने बचाव सांभाळल्यास वेगळेही घडेल,” आणि मग काहीही घडो, दुसरे दिवशी त्यातील कामाचे अर्धे वाक्य कापोन चिटणीस दरबारात मिरवीत. दुसरे मर्म अधिक नाजूक आहे. अकरा वर्षांत येसाजीरावांनी एकही सामना पाहिला नव्हता. सामन्याचे समयी ते पाहुण्यांच्या दालनात असत. तेथे थंड हवा असे, तबकात काजू असत, आणि दालनाची खिडकी रस्त्याकडे उघडत असे.

मग भाकीत कशावरून लिहीत, म्हणाल, तर रिवाज ऐसा होता की फाल्गुन लागताच भाकीतनवीसांची स्वारी आठही महाविद्यालयांस भेट देई, आणि प्रत्येक ठिकाणी पंगत बसे, आणि पंगतीत मांडी घालोन बसलेल्या मुलींची उंची येसाजीराव वाढपाच्या मधल्या वेळात नजरेने मोजीत. या साली पहिली झुंज नदीकाठ विरुद्ध कारखाना. नदीकाठकरांनी मरळ माशाचे कालवण ऐसे केले की येसाजीरावांनी दोनदा घेतले, तिसऱ्यांदा नको म्हणताना ताट पुढे केले, आणि लिहिले, “नदीकाठची फौज चपळ, हाती लागलेली संधी निसटो देत नाही.” कारखान्याने जिलेबी वाढली, ती कालची होती, सबब लिहिले, “कारखान्याच्या फौजेत पूर्वीचा कुरकुरीतपणा राहिला नाही.” दुसरी झुंज बंदर विरुद्ध छावणी. बंदरावर सोलकढी उत्तम. छावणीत मात्र जेवणाआधी येसाजीरावांस मैदानाभोवती दोन फेऱ्या चालवले, त्याने त्यांच्या पोटऱ्या दुखावल्या, आणि छावणीचा निकाल तेथेच लागला. तिसरी झुंज बाजारपेठ विरुद्ध विद्यापीठ. बाजारपेठेने शाल आणि श्रीफळ दिले. विद्यापीठातील एका विद्वानाने दीड तास भिंतीवर आलेख दाखवोन कोणती मुलगी कोणत्या कोपऱ्यातून शंभरात किती वेळा चेंडू जाळीत टाकते हे समजावले, आणि शेवटी पाणचट चहा दिला. येसाजीरावांनी लिहिले, “विद्यापीठ आकड्यांत बळकट, परंतु आकडे चेंडू झेलीत नाहीत.” हे वाक्य राज्यात बहुत गाजले. विद्वान सोडोन सर्वांस आवडले.

उरली चौथी झुंज, राजधानी विरुद्ध घाटमाथा, आणि येथून येसाजीरावांची झोप उडाली. कारण घाटमाथ्याच्या फौजेची नायिका कालिंदी म्हणोन होती आणि ती येसाजीरावांच्या धाकट्या बहिणीची लेक. स्वारी घाटमाथ्यास गेली तो शेवटच्या वळणावर गाडीने मान टाकली, आणि भाकीतनवीस घाम पुशीत पायी चढले. तेथे पंगत नव्हती. स्टीलच्या पेल्यात गुळाचा चहा आणि मूठभर भाजके शेंगदाणे, इतकाच सरंजाम. चहा पिताना तेथील प्राचार्य हळूच बोलले की, संस्थेच्या मंडळींनी ठराव केला आहे, यंदा एक तरी सामना जिंकावा, नाही तर फौज मोडोन मैदानावर संचालकांच्या गाड्या लावण्यास जागा करावी. फरशीचे माप घेणारा येऊन गेला आहे. येसाजीरावांनी “अरेरे” म्हटले आणि उंची मोजण्यास मुली कोठे बसवता म्हणोन विचारले. तेव्हा कालिंदी पुढे आली, मामाच्या पाया पडली आणि म्हणाली, “मामा, आमी बसत न्हाई, खेळतो. हितं पायरीवर बसा, जरा येळ बघा, मग काय लिहायचं ते लिहा.”

नाही म्हणण्याचे कारण सुचेना, सबब येसाजीराव पायरीवर बसले. आणि मग अकरा वर्षांत प्रथमच त्यांनी तो खेळ पाहिला. एक कडी वाकडी, तारेने आवळलेली, जमिनीस भेगा, आणि त्यावर त्या पाच मुली ऐशा धावत की कोणी कोणास हाक मारीत नसे. कालिंदी एकीकडे पाही आणि चेंडू दुसरीकडे देई, आणि जेथे देई तेथे एक बुटकी मुलगी आधीच पोहोचलेली असे, आणि चेंडू वाकड्या कडीतून सरळ उतरे. एकदा कालिंदी आपटली, गुडघा सोलला, आणि चेंडू दुसरा टप्पा घेण्याआत ती उठोन पुन्हा पळाली. येसाजीराव शेंगदाणे तोंडात टाकण्याचे विसरले. या पोरी राजधानीस जिंकतील, हे त्यांस ऐसे लख्ख दिसले की त्यांचा ऊर भरोन आला, आणि पाठोपाठ ध्यानात आले की राजधानी म्हणजे श्रीमंत. कालिंदीने जवळ येऊन काय वाटते म्हणोन विचारले, तो येसाजीराव बोलले, पाहू, आणि उतार उतरोन गाडीत बसले.

राजधानीस येताच चिटणीसांनी बोलावणे धाडले आणि चौथे भाकीत आपणच सांगो लागले की, राजधानीची फौज साठ गुणांनी जिंकेल आणि पुढील दोन्ही झुंजी मारोन विजयाची ढालही घेईल. येसाजीरावांनी धीर करोन म्हटले, तिकडे माझी भाची आहे, साठ फार होतात. चिटणीस थोर मनाचे, ते पन्नासावर आले, आणि येसाजीरावांनी आणिक विनवले तेव्हा चाळिसावर थांबले. मामाची माया वीस गुणांची भरली. मग येसाजीरावांनी सवयीने शेवटी “तथापि” लिहिले, ते चिटणीसांनी लाल शाईने खोडले. येसाजीरावांनी ते खोडू दिले, आणि घरी येताना मनाची समजूत ऐसी घातली की, कागदाने काय होते, मैदानावर कालिंदी जिंकेलच, भाकीत प्रथमच खोटे ठरेल, लोक मला हसतील, आणि भाचीसाठी तेवढे हसू मी आनंदाने सोसीन. या विचाराने ते आपणावरच इतके प्रसन्न जाहले की त्या दिवशी दोन घास अधिक जेवले.

भाकीत छापले, वाटले, आणि दरबारात मोठ्याने वाचले. श्रीमंत संतुष्ट जाहले. मग चिटणीस हात जोडोन उभे राहिले आणि अर्ज केला की, फाल्गुन शुद्ध द्वादशीपासोन तीन दिवस झुंजी, आणि त्याच तीन दिवसांत श्रीमंतांच्या पंचाहत्तरीचा सत्कार. क्रीडागार एकच, तेथे झुंजी घ्याव्या तर मंडप कोठे घालावा, आणि मंडप घालावा तर झुंजी कोठे घ्याव्या. दरबार चिंतेत पडला. कोणी म्हणे, सत्कार पुढे ढकलावा. त्याच्याकडे सर्वांनी ऐसे पाहिले की तो खाली बसला. तेव्हा चिटणीसांनीच तोड काढली. ते बोलले, येसाजीरावांचे भाकीत अकरा वर्षांत चुकले नाही. जे घडणार ते कागदावर आलेच आहे. मग तेच पुन्हा मुलींकडोन करवोन घेण्यात त्या लेकरांस शीण देण्यापलीकडे काय साधते, सबब भाकीत हाच निकाल मानावा. दरबारात “वाहवा” जाहली. ज्या चार प्राचार्यांची फौज भाकितात जिंकली होती त्यांनी रुकार तत्काळ दिला, आणि उरलेल्या चारांनी अनुदानाच्या फायली डोळ्यांपुढे आणोन दिला. घाटमाथ्याचे प्राचार्य मान खाली घालोन सही करीत असता श्रीमंतांनी, रीत म्हणोन, येसाजीरावांकडे पाहोन विचारले, “काय येसाजीराव, भाकीत खरे ना?”

खोटे आहे, हे दोन शब्द येसाजीरावांच्या जिभेवर आले होते, हे लिहिणे भाग आहे. येसाजीरावांस कालिंदीचा सोललेला गुडघा दिसला, मैदानाचे माप घेणारा दिसला, आणि मग अकरा वर्षांची कीर्ती दिसली, पाहुण्यांच्या दालनातील आपली खुर्ची दिसली, आणि श्रीमंतांची भुवई किंचित वर जाताना दिसली. ते वाकले आणि बोलले, “खरे, श्रीमंत.” टाळ्या पडल्या. एकट्या श्रीमंतांच्या नातीने टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरगी खेळण्यासाठी चार महिने घाम गाळीत होती आणि जिंकल्याचे वर्तमान ऐकोन रडत उठोन गेली. दरबाराने ते आनंदाश्रू म्हणोन नोंदवले.

द्वादशीस सकाळी क्रीडागारात मंडपवाले झालरी बांधीत होते आणि कड्यांवर फुलांचे हार सोडीत होते. तो घाटमाथ्याची फौज दाराशी येऊन ठेपली. निकालाचा खलिता डोंगर चढला नव्हता आणि फोन करण्याचा धीर प्राचार्यांस जाहला नव्हता, सबब मुली पहाटेच्या एसटीने निघाल्या होत्या. पहारेकऱ्याने त्यांस वर्तमान सांगितले. मुली खेळाचे कपडे घालोन, पायात बूट आवळोन फाटकापाशी उभ्या राहिल्या, आणि कालिंदी एकटी मामाचा शोध घेत मागल्या दाराने आली. येसाजीराव सत्काराचा कोरा फेटा बांधोन उभे होते. ती न ओरडता बोलली, “मामा, त्या दिशी तुमी बघितलं आमाला. खरं सांगा, आमी जिकलो असतो का न्हाई?”

येसाजीरावांनी आसपास पाहिले, कोणी नव्हते. तेव्हा ते म्हणाले, “जिंकला असतात. दहाबारा गुणांनी.”

“मग एवढंच लिहून द्या. तुमच्या सहीचा कागद बघितला की संस्थावाले मैदान ठेवतील.”

येसाजीरावांनी खिशातील लेखणीस हात लावला, आणि हात तेथेच राहिला. आत सनई सुरू जाहली आणि चिटणीस त्यांचे नाव घेऊन हाका मारो लागले. मग ते बोलले की, आज गडबड आहे, सत्कार होऊ दे, नंतर सवडीने पाहू. कालिंदीने मामाच्या तोंडाकडे पाहिले, फेट्याकडे पाहिले, आणि म्हणाली, “बरं. आईनं इचारलंय तुमाला.” आणि वाकोन पाया पडली आणि गेली. येसाजीराव आत न जाता, का कोण जाणे, तिच्या मागोमाग भिंतीच्या आडोशाने फाटकापर्यंत गेले. मुलींनी तिला घेरले आणि तुझे मामा काय म्हणाले म्हणोन विचारले. ती खाली बसोन बुटांचे बंद सोडू लागली आणि बोलली, “मामा भेटलं न्हाईत.”

येणेप्रमाणे त्या साली चार झुंजी आणि पुढील तीन यथासांग पार पडल्या, कोणास खरचटले नाही, राजधानीने घाटमाथ्यास चाळीस गुणांनी मारले आणि ढाल घेतली, ऐसे दप्तरी नमूद आहे. सत्कार उत्तम जाहला. घाटमाथ्याच्या मैदानावर चैत्रात गाड्या उभ्या राहिल्या. घाटमाथ्याच्या मुली हरणाऱ्या नव्हत्या, हे राज्यात एकट्या येसाजीरावांनी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि ते अद्याप नोकरीत आहेत. इति.