सरकारी वारूळ आणि तुंगा घोरपड

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. नदी होती, डोंगर होता आणि क्रीडा समितीसुद्धा होती. समितीचे अध्यक्ष अर्थातच सिंहमहाराज. त्यांना पळायचा भारी कंटाळा, पण पळणाऱ्यांना बक्षिसं द्यायला फार आवडायचं.

दरवर्षी पळस फुलला की जंगलात क्रीडा महोत्सव भरायचा. त्याचे फोटो काढायचं काम तुंगा नावाच्या घोरपडीकडे होतं. अख्ख्या जंगलात कॅमेरा एकच. तो समितीचा होता, पण तुंगाचा जीव त्याच्यात अडकलेला. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, हे तुम्ही इतिहासाच्या तासाला ऐकलंच असेल.

आता तुम्हाला वाटेल, खेळांचे फोटो म्हणजे पळणारे आणि उड्या मारणारे प्राणी. किती भोळे आहात! त्या जंगलात खेळांचा फोटो म्हणजे बक्षीस समारंभाचा फोटो. मधे अध्यक्षमहाराज. उजव्या हाताला प्रमुख पाहुणे, गळ्यात हार. डाव्या हाताला सचिव कोल्हा. मागे समितीचे सगळे सभासद, उंचीप्रमाणे. आणि जिंकलेला प्राणी उरलेल्या जागेत.

घोरपड पडली बुटकी. पहिल्या वर्षी तिने काढलेल्या फोटोत समितीचे नुसते गुडघे आले होते. मग समितीने ठराव करून तिला एक वारूळ नेमून दिलं. त्यावर चढलं की कॅमेरा बरोबर अध्यक्षांच्या बेंबीसमोर यायचा. वारुळावर पाटी लावली, ‘सरकारी वारूळ. फोटो येथूनच काढावेत.’ वारुळातल्या मुंग्या कडकडून चावायच्या, त्याचा ठरावात उल्लेख नव्हता.

त्याच जंगलात रेवा नावाचं एक भेकर होतं. लांब उडीत चार वर्षं तिचाच पहिला नंबर. तिची आई पायाने अधू, नदीपलीकडे राहायची. मैदानापर्यंत येणं तिला काही जमत नसे. ती फोटोंची वाट बघायची. चार वर्षांत चार फोटो आले आणि त्यांत मिळून तिला रेवाचा एक कान दिसला. तोही अध्यक्षांच्या कोपराआडून.

“तुंगाबाई,” ती म्हणायची, “एकदा माझ्या लेकीला उडताना दाखवा की. डोळे आहेत तोवर.”

तुंगा मान खाली घालायची. तिला मनापासून लाज वाटायची.

त्या हिवाळ्यात उत्तरेकडून करकोचे आले. त्यांतल्या एका म्हाताऱ्या करकोच्याने पोटाला एक जुनं मासिक बांधलं होतं. थंडीत स्कूटरवाले स्वेटरच्या आत वर्तमानपत्र घालतात ना, तसंच. वर्षानुवर्षं येऊन येऊन त्याला आपली भाषा चांगली येत होती. शिव्या तेवढ्या तो अजून तिकडच्या द्यायचा.

नदीकाठी त्याने मासिक वाळत घातलं आणि तुंगाची नजर त्यावर पडली. ती जागच्या जागी थिजली.

एक माणूस पाण्यात सूर मारत होता, पण फोटोत पाणीच नव्हतं. नुसतं आभाळ, आणि त्यात अंग दुमडलेला तो माणूस. दुसऱ्या फोटोत शर्यत होती, ती थेट वरून घेतलेली. माणसं मुंग्यांएवढी आणि सावल्या ताडाएवढ्या. तिसऱ्या फोटोत एक बाई गोळा फेकत होती. फोटो इतका तिरका, की गोळा पानाबाहेर पडेल असं वाटून तुंगाने खाली पंजा धरला.

“काका, हे कोणी काढले?”

“आमच्या तिकडच्या फोटोग्राफरांनी. सोव्हिएत राज्य नवं होतं तेव्हा. शंभर वर्षं होत आली.” करकोच्याने पंख झटकले. “राजा गेला होता, सगळं नव्याने मांडायचं चाललं होतं. ही पोरं म्हणाली, जग नवं आहे तर बघायची जागा जुनी कशाला? मग कोणी गच्चीवर चढलं, कोणी जमिनीवर लोळलं. बेंबीसमोर कॅमेरा धरून काढलेले फोटो आता पुरे, म्हणायचे.”

तुंगाने खाली पाहिलं. तिची बेंबी तर जन्मापासून जमिनीला घासत होती. (घोरपडीला बेंबी असते का, असं विचारू नका. ही बोधकथा आहे.) ज्या बुटकेपणावरून समितीने ठराव केला, त्यासाठी तिकडचे मोठे मोठे फोटोग्राफर मातीत लोळत होते! तिला इतका आनंद झाला की तिने स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या.

“मग पुढे काय झालं त्यांचं?” तिने विचारलं.

“पुढे तिकडेही समिती नेमली गेली,” करकोचा म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

पण तुंगाच्या कानात ते शिरलंच नाही.

महोत्सवाचा दिवस उजाडला. सरकारी वारूळ रिकामं. तुंगा सावरीच्या शेंड्यावर जाऊन चिकटली होती. वरून तिने शर्यत टिपली. मग ती नदीवर झुकलेल्या फांदीला उलटी लटकली आणि सूर मारणारा बेडूक टिपला, आभाळासकट.

“तुंगाबाई!” खालून सचिव कोल्हा ओरडला. “हा काय पोरखेळ? वारुळावर या आधी!”

“आले, आले,” तुंगा म्हणाली आणि दुसऱ्या फांदीवर गेली.

“उद्या सभेत फोटो दाखवायचे आहेत. महाराजांना पसंत पडले नाहीत तर कॅमेरा तरसाकडे जाईल. लक्षात ठेवा!”

तरस हा महाराजांचा मानलेला मेहुणा. फोटो काढताना त्याला हसू आवरायचं नाही आणि सगळे फोटो हलायचे. कॅमेऱ्याशिवाय तुंगा काय करणार होती? पण रेवाची पाळी आली होती. तुंगा सरसर उतरली आणि उडीच्या हौदातल्या वाळूत अंग पुरून बसली. वर फक्त कॅमेरा.

रेवा धावत आली. तिने फळीवर पाय टेकला आणि ती उडाली. चारही पाय पोटाशी, मान लांब, पाठीमागे सूर्य. तुंगाने बटण दाबलं.

टाळ्या झाल्या. कधी नव्हे ते खूण बघायला महाराज स्वतः वाळूत उतरले. वाळूतली तुंगा त्यांना काही दिसली नाही. तो भला मोठा पंजा डोक्यावर आलेला पाहून तुंगाने डोळे गच्च मिटले आणि घाबरून तिच्या नखाने पुन्हा बटण दाबलं. पंजा पडला तो तिच्या शेपटीवर. महाराजांनी तिथेच उभं राहून भाषण केलं. पाऊण तास. तोवर बक्षीस समारंभाच्या फोटोची वेळ टळली.

तुंगाने गुहेत फोटो धुतले. काजव्यांना पळसाच्या पाकळ्यांत गुंडाळलं की छान लाल उजेड पडतो. रेवाचा फोटो पाण्यातून वर येताना पाहून तिला रडू फुटलं. दुसरा, चुकून निघालेला फोटो ती फेकूनच देणार होती. पण फोटो मोजून देण्याचा नियम होता.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. फोटो एका दोरीवर टांगले होते. सगळे प्राणी माना वाकड्या करून बघू लागले.

“फोटो तिरका आहे,” सचिव कोल्हा म्हणाला.

“वळणावर पळणारा तिरकाच असतो, साहेब.”

“बेडकाच्या फोटोत नदी नाही.”

“नदी आपल्याकडे वर्षभर असते. बेडूक हवेत तेवढ्यापुरताच होता.”

“आणि समिती कुठे आहे? समिती!”

तेवढ्यात मागून लंगडत कोणीतरी पुढे आलं. रेवाची आई होती. रेवा तिला पहाटेपासून आधार देत देत नदी ओलांडून घेऊन आली होती. म्हातारी लेकीच्या फोटोपुढे उभी राहिली.

“अगं बाई,” ती म्हणाली, “माझी रेवा. एकही पाय भुईला नाही!”

तुंगाला वाटलं, आता कॅमेरा गेला तरी चालेल. लगेच वाटलं, छे, अजिबात चालणार नाही.

महाराज मात्र या कशाकडेच बघत नव्हते. ते शेवटच्या फोटोसमोर उभे होते. खालून काढलेला तो फोटो. त्यात महाराजांचा पंजा टेकडीएवढा होता. छाती म्हणजे कडा. आयाळ थेट ढगांत. आणि टाळूवरचं टक्कल कुठे म्हणजे कुठे दिसत नव्हतं.

“हा… मी?” महाराजांनी हळूच विचारलं.

“मी तर पहिल्यापासून म्हणतोय,” सचिव कोल्हा ताबडतोब म्हणाला, “वारूळ हे आपल्या प्रगतीच्या आड येत होतं.”

त्याच सभेत ठराव झाला. वारूळ रद्द. यापुढे सगळे फोटो ‘सरकारी खड्ड्या’तूनच काढावेत. तशी पाटीही रंगवून झाली. कॅमेरा तुंगाकडेच राहिला. तरस खूप हसला, पण तो नेहमीच हसतो.

खड्डा कुठे खणायचा, हे मात्र ठरावात लिहायचं राहून गेलं होतं. तो तुंगाने स्वतः खणला. बरोबर उडीच्या फळीपुढे, जिथे रेवा सगळ्यात उंच असते तिथे. आता दरवर्षी महाराज आधी खड्ड्याच्या काठावर उभे राहून एक फोटो काढून घेतात आणि खूश होऊन झोपायला जातात. मग दिवसभर तुंगाच्या डोक्यावरून भेकरं उडत राहतात. नदीपलीकडे म्हातारीच्या घरी आता भिंतीवर जागा उरलेली नाही.

परत जाताना करकोच्याने वरून तो खड्डा पाहिला. त्याने तिकडची एक शिवी दिली आणि हसत हसत निघून गेला.

तात्पर्य : मुलांनो, कलावंताने सत्तेपुढे कधीही वाकू नये. सरळ आडवं पडावं. वाकलं तर लोक लाचार म्हणतात, आडवं पडलं तर त्याला शैली म्हणतात.