झुलीवरची मोकळी जागा

कोणतीही कला जगवायची असेल तर आधी ती मरणपंथाला लागली आहे असे जाहीर करावे लागते. धडधाकट कलेला कोणी विचारत नाही. तिच्यासाठी समिती नेमता येत नाही, भाषण करता येत नाही, आणि मुख्य म्हणजे हळहळता येत नाही. यवतमाळच्या सुशिक्षित मंडळींच्या हे सन १९६३ च्या सुमारास ध्यानात आले आणि त्यांनी बंजारा भरतकाम मरू घातल्याचे एकमताने ठरवून टाकले. (एक सदस्य उशिरा आले. त्यांनी नंतर हळहळून सही केली.)

ठरावामागोमाग 'लोकवस्त्रकला संजीवन समिती' स्थापन झाली. अध्यक्षपदी विमलताईंची निवड झाली, कारण त्यांनी नागपूरला तीन महिन्यांचा भरतकामाचा वर्ग केला होता आणि त्यांच्या दिवाणखान्यात अकरा माणसे बसू शकत. समितीने लगेच सर्वेक्षण केले. दारव्हा, महागाव आणि घाटंजी या तालुक्यांतले चौदा तांडे पाहिले, तीनशे बारा बाया मोजल्या. पैकी तीनशे नऊ बायांच्या अंगावर आरसे, कवड्या आणि भरतकाम आढळले. (उरलेल्या तीन अंघोळीला गेल्या होत्या.) मात्र या बाया ते कपडे घालून कापूस वेचत असल्यामुळे त्या भरतकामाला कला म्हणून नोंदीत धरता आले नाही. निष्कर्ष असा निघाला की कला जवळजवळ नामशेष झाली असून जी थोडीफार उरली आहे ती बाया वापरून खराब करीत आहेत.

दारव्ह्यापासून सात मैलांवरच्या तांड्यात राहणाऱ्या सुखीबाईला आपली कला मेल्याची बातमी ग्रामसेवक नानाजींकडून कळली. त्या वेळी ती दारात बसून झुलीला कवड्या लावत होती. तिने बातमी ऐकून घेतली, कोण गेले असे विचारले, आणि ओळखीचे कोणी नाही असे पाहून पुढची कवडी उचलली.

ही झूल बैलासाठी होती आणि बैल जमनीसाठी होता. जमनी ही सुखीबाईची एकुलती लेक, तिचे लग्न माघात ठरले होते. बंजाऱ्यांत सासरी निघालेली नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहते आणि रडत रडत गाते. याला हवेली म्हणतात. आईची चूल, बापाचा गोठा, तांड्यातली विहीर, एकेकाचे नाव घेऊन ती त्यांना सुखी राहा म्हणते. त्या बैलावर आईच्या हातची झूल लागते. सुखीबाईच्या तांड्यात आणखी एक रीत होती. झुलीच्या काठाला, बरोबर मधोमध, आई एका आरशाची जागा मोकळी ठेवते. पोरीचे गाणे संपले की आई पुढे होऊन त्या जागी शेवटचा आरसा बसवते आणि दोरा दाताने तोडते. दोरा तुटल्यावरच बैल हाकायचा. पोरगी गेली, हे आईने स्वतःच्या दातांनी कबूल करायचे असते. सुखीबाईच्या आईने हेच केले होते आणि त्यानंतर तीन दिवस ती जेवली नव्हती.

नानाजी वाईट माणूस नव्हता. त्याच्यावर फक्त लक्ष्यांक होता. आदल्या वर्षी त्याने ज्या गावात भात पिकत नाही तिथे जपानी पद्धतीची भातशेती कागदावर यशस्वी करून दाखवली होती, तेव्हा दिवाळीपर्यंत एक दुर्मिळ कलावस्तू मिळवणे त्याला जड नव्हते. त्याने झूल पाहिली आणि समितीच्या प्रदर्शनाकरता पंधरा दिवसांसाठी मागितली. सुखीबाई म्हणाली, लगन आहे. नानाजीने मुलांच्या गळ्याची शपथ घेतली आणि माघाच्या आत वापस आणून देतो म्हणाला. सुखीबाईला शपथेपेक्षा एका गोष्टीचे बरे वाटले. आपले काम शिकलेल्या बायकांना पाहायचे आहे, असे आजवर तिला कोणी म्हटले नव्हते. तिने झूल झटकली, घडी घातली आणि जुन्या लुगड्यात बांधून दिली.

पुढचे काम नमुना क्रमांक चारने केले. त्यात 'वस्तूचे वय' असा रकाना होता आणि पन्नास वर्षांखालची वस्तू स्वीकारू नये अशी तळटीप होती. नानाजीने आधी साठ लिहिले. मग साठ हा आकडा खोटा वाटतो असे त्याच्या अनुभवी नजरेला दिसले, म्हणून शंभर केले. झूल शंभर वर्षांची झाल्यावर ती करणारी बाई जिवंत दाखवणे बरे दिसेना. 'कारागिराचे नाव' या रकान्यात त्याने 'अज्ञात (दिवंगत)' असे भरले. अशा रीतीने सुखीबाई, वय बेचाळीस, कापसाची वेचणी चालू असतानाच वारली.

कोणाला शंका आलीच असती तर ती मोकळ्या जागेने फिटली. विमलताईंनी झुलीच्या काठावर एक आरसा नाही हे हेरले आणि त्यावर अकरा पानी निबंध लिहिला. काळाच्या ओघात निखळलेला तो आरसा म्हणजे एका लोप पावत चाललेल्या संस्कृतीचा मिटलेला डोळा होय, असे त्यांनी सातव्या पानावर म्हटले होते. निबंध वाचला गेला तेव्हा दोन सदस्यांचे डोळे पाणावले. तिसऱ्यांचे आधीच मिटलेले होते.

माघ लागायला दहा दिवस उरले तरी झूल आली नाही, तेव्हा सुखीबाई यवतमाळला गेली. विमलताईंनी तिचे मनापासून स्वागत केले. तिला खुर्ची दिली, चहा दिला, तिच्या अंगातल्या कांचळीवरचे आरसे जवळून पाहिले. या बाईत काही वाईट नाही, असे सुखीबाईला वाटले आणि ते खरेही होते.

"बाईसाहेब, ते झूल म्या केली," सुखीबाई म्हणाली. "गेल्या बरसातीत. मले वापस पायजे."

विमलताईंनी तिला प्रेमाने समजावले की आपल्या पूर्वजांचे काम आपलेच वाटणे ही फार सुंदर भावना आहे. मात्र ती झूल करणारी बाई शंभर वर्षांपूर्वी वारली, तशी नोंद आहे. मग सहज विचारावे तसे त्यांनी विचारले की ती मिळाली तर तू तिचे काय करशील.

"बैलावर टाकीन."

विमलताईंनी कप खाली ठेवला. त्याच दुपारी समितीची तातडीची बैठक झाली. शतकापूर्वीची अमोल झूल एक अडाणी बाई बैलाच्या पाठीवर टाकायला निघाली आहे, हे ऐकून दिवाणखाना सुन्न झाला. बैलाविरुद्ध घाम, शेण आणि शेपूट असे तीन आक्षेप नोंदवले गेले. झूल बैलासाठीच असते, असे एक वयोवृद्ध सदस्य पुटपुटले. त्यांची सूचना अनुमोदनाअभावी बारगळली.

नानाजी दाराशी उभा होता. झूल नवी आहे, शंभर मीच लिहिले, एवढे वाक्य त्याने बोलायचे होते. ते त्याच्या ओठांपर्यंत आले. पण त्याला त्याची नोकरी आठवली, नोकरीबरोबर जपानी भात आठवला, आणि एक नोंद खोटी निघाली तर बाकीच्याही तपासतात हे आठवले. सुखीबाई त्याच्याकडे पाहत होती. त्याने खिडकीबाहेर पाहिले.

अखेर नियमावलीनेच मार्ग दाखवला. नियम नऊप्रमाणे संग्रहातली वस्तू बाहेर नेता येत नसली तरी प्रदर्शनस्थळी तिचे सात मिनिटांचे प्रात्यक्षिक करता येत होते. तेव्हा लग्न तांड्यात लागावे आणि नवरीने सासरी मात्र यवतमाळहून, उद्घाटनाच्या दिवशी, शाळेच्या सभागृहातून निघावे, असे ठरले. तांड्यात यावर दोन दिवस वाद झाला. सुखीबाईचा नवरा हिरासिंग म्हणाला, दुसरी झूल मागून आणू. सुखीबाईने एवढेच सांगितले की माझ्या हातचा दोरा तुटल्याशिवाय माझी पोरगी जायची नाही, मग ती कुठून का निघेना.

समितीने अटी माफक ठेवल्या होत्या. बैलाला गुरांच्या डॉक्टरचा दाखला असावा. त्याची पाठ साबणाने धुऊन तिच्यावर समितीची स्वच्छ चादर अंथरावी, तिच्यावर झूल. शेपूट बांधावे. नवरीने पाय धुऊन चढावे आणि रडणे चार मिनिटांत आटोपावे, कारण पुढे पाहुण्यांचे भाषण होते. तांड्यातले चारच लोक आत सोडले जातील, बाकीच्यांनी पटांगणात थांबावे. (खुर्च्या रसिकांसाठी होत्या.)

हिरासिंगने बैल तीन पायऱ्या चढवून आत आणला. जमनी बैलावर उभी राहिली. समोर दोनशे माणसे बसलेली पाहून तिचा आवाज आधी फुटेचना. मग तिला कोपऱ्यात आई दिसली. तिने दोन्ही हात वर केले आणि चूल, गोठा, विहीर, एकेकाला हाक मारली. ते सगळे तिथून तीस मैलांवर होते, त्यामुळे तिला नेहमीपेक्षा जरा मोठ्याने रडावे लागले. शेवटी तिने "याडी" अशी आईला हाक मारली आणि ती थांबली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या टाळ्यांतून सुखीबाई पुढे आली. सुईत दोरा ओवलेला होता, आरसा मुठीत होता. तिने झुलीचा काठ हातात धरला आणि अंगठ्याने मधली जागा चाचपली.

तिथे आरसा होता.

विमलताई लगबगीने जवळ आल्या आणि तिच्या कानाशी कुजबुजल्या, "मी स्वतः बसवला. चार दिवस लागले. कुठे जोडलंय ते ओळखूसुद्धा येत नाही, बघ."

सुखीबाईने ऐकले आणि विमलताईंच्या टाक्याखाली सुई घातली. पहिला टाका तुटला. दुसरा तुटला. रसिकांत चुळबुळ झाली. चिटणिसांच्या लक्षात आले की एक अनधिकृत बाई दिवंगत कारागिराच्या कामाची नासधूस करीत आहे. तेवढ्यात सात मिनिटे भरल्याची घंटा झाली. दोन शिपायांनी जमनीला पाय उचलायला सांगून तिच्या पायांखालून झूल काढून घेतली. मग चादरही काढली, कारण तीही समितीचीच होती. बैलाची पाठ उघडी पडली आणि पाहुणे भाषणाला उठले.

पटांगणात हिरासिंगने गाडीतले एक तरटाचे पोते बैलावर टाकले. जमनी पुन्हा चढली. या वेळी ती गायली नाही, हवेली दोनदा गात नाहीत. सुखीबाईने पोत्याच्या काठाला तो एक आरसा बसवला. तरट जाड होते, सुई जाईना, बोटातून रक्त आले. आरसा बसला तेव्हा तिने वाकून दोरा दातात धरला आणि बराच वेळ तशीच राहिली. मग तोडला. बैल चालू लागला.

पायरीवरून विमलताईंनी हे पाहिले आणि त्या हेलावून गेल्या. एवढा साधेपणा, तरटावर एकच आरसा! त्यांनी नानाजीला पिटाळले. पुढच्या प्रदर्शनासाठी ते पोते मिळाले तर समिती आभारी राहील, असा त्यांचा निरोप त्याने मान खाली घालून सुखीबाईला सांगितला.

"बाईसाहेबाले सांगजा," ती रस्त्याकडेच पाहत म्हणाली, "अजून नवं आहे ते. शंभर वर्सांनी या म्हणा."

निरोप नोंदवून घेण्यात आला आहे.

प्रदर्शन सर्वार्थाने यशस्वी झाले. अभिप्रायाच्या वहीत एकशे सत्त्याऐंशी रसिकांनी समाधान व्यक्त केले. त्यातला एक अभिप्राय समितीने वार्षिक अहवालात मुद्दाम छापला: 'नवरीचे काम करणाऱ्या मुलीने रडणे अगदी हुबेहूब वठवले. शेवटी ती बाई सुई घेऊन मध्ये आली, तेवढा मात्र रसभंग झाला.' खालची सही लागत नाही. अक्षर वळणदार आहे, चार बुके शिकलेल्या, कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्या सहृदय माणसाचे वाटते. समितीने ती वही जपून ठेवली आहे. आपण सवडीने येऊन अक्षर ओळखून जावे.