मसाल्याची राखण

लाँग वीकेंडला कुठेही जायचं नाही, मुंबईच बघायची, असं सुचित्राने जाहीर केलं तेव्हा गौतमला बरंच वाटलं. बुकिंग नको, घाटातली रांग नको. शुक्रवारी एक मेची सुट्टी, मग शनिवार-रविवार. तीन दिवस दोघांनी बाहेर जेवायचं, चित्रं बघायची, पायी भटकायचं. चोवीस वर्षांच्या संसारात असा बेत कधी झाला नव्हता, तरी गौतमला काही संशय आला नाही.

यायला हवा होता. सुचित्रा आठ महिने दर शनिवारी दादरला योगाला जाते, असं तो समजत होता. ती जात होती चित्रकलेच्या क्लासला. पन्नाशीला रंगपेटी घेतली म्हणून घरात हसतील, या भीतीने तिने योगा सांगितला होता. योगाला कुणी हसत नाही. आता क्लासचं प्रदर्शन गिरगावातल्या एका छोट्या हॉलमध्ये लागलं होतं, शुक्रवार आणि शनिवार, दोनच दिवस. चित्रांखाली नावं नव्हती, नुसते आकडे. अकरा नंबरचं चित्र सुचित्राचं. गौतमला त्याच्यासमोर उभं करायचं आणि आपण बाजूला राहून त्याचा चेहरा बघायचा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता. नाव कळलं तर नवरा छानच म्हणणार, त्याला काय अर्थ? त्याला आवडलं नाही तर क्लास सोडायचा, हेही तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

शुक्रवार जेवणातच गेला. गिरगावच्या खानावळीत गौतमने सुरमईची थाळी संपवली, वर तीन वाट्या सोलकढी प्यायली आणि खुर्चीतच सैलावला.

"आता चित्रं बघितली तर उभ्या उभ्या झोपेन गं. उद्या जाऊ."

"उद्या शेवटचा दिवस आहे. सातला बंद होतं."

"मग उद्या नक्की."

शनिवारी दुपारी दोघं चपला घालत होती, तेवढ्यात गौतमची आई, सुभद्राबाई, पिशवी घेऊन दारात आल्या. जन्म लालबागच्या चाळीत गेलेला; माहीमला मुलाकडे राहायला येऊन वीस वर्षं झाली तरी मसाला लालबागलाच कुटायचा, हा त्यांचा नेम होता.

"फिराकच जातास ना? मग लालबागवरसून जावा. मिरच्यो भाजून ठेवलंय. आणि गौतम, डोळ्यासमोर कुटून घे. नजरेआड करू नको हां, लोकांच्या मिरच्यो मिसळतत."

"नाही करणार," गौतम म्हणाला. आईला दिलेला शब्द तो पाळतो, याचं सुचित्राला एरवी कौतुक असे.

मसाला कुटायच्या डंखावर मे महिन्याची रांग होती. त्यांचा नंबर चौदावा. गौतम लोखंडी मुसळांसमोर रुमाल बांधून बसला आणि प्रत्येक मिरचीवर पहारा देऊ लागला. सुचित्रा घड्याळाकडे बघत शिंकत होती. पाच किलो ताजा मसाला पिशवीत पडला तेव्हा सहा वाजायला दहा मिनिटं होती. घरी ठेवून यायला वेळ नव्हता. टॅक्सीवाल्याने भायखळ्यापर्यंत सोसलं, मग चारही काचा खाली केल्या आणि गिरगाव येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

हॉलच्या दारात रामू नावाचा म्हातारा वॉचमन स्टुलावर बसला होता. पिशवी बघून त्याने नाकाला पंचा लावला.

"हे आत नाय न्यायचं."

"खायचं नाहीये हो, मसाला आहे," गौतम म्हणाला.

"तेच सांगतोय. हितंच ठेवा."

"तुम्ही लक्ष द्याल?"

"मी? मी त्या फाटकाशी जाऊन बसतो."

झालं. गौतमने पिशवी मांडीवर घेतली आणि रिकाम्या स्टुलावर बसकण मारली. "तू जा गं. मला काय कळतं त्यातलं? तूच बघून ये आरामात."

आठ महिन्यांची मेहनत, दोन दिवसांचा कट, आणि नवरा दाराबाहेर मसाला धरून बसलेला. सुचित्राला खरंच रडू आलं. मिरचीमुळे ते लपलं एवढंच.

"नाही, तू जा," ती म्हणाली. "मी... माझे डोळे चुरचुरतायत. मी बसते राखण करत. तू सगळी बघ. डावीकडची भिंत सावकाश बघ."

"अगं पण..."

"गौतम, जा."

तो गेला. ज्या चेहऱ्यासाठी सगळं केलं, तो आता भिंतीपलीकडे होता आणि ती बाहेर पाच किलो मसाल्याशी बसली होती. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. पावणेसातला तो बाहेर आला.

"एसी मस्त आहे," तो म्हणाला. "एक होडी होती, बरी होती. फुलं खूपच होती."

"बाकी?"

"बाकी..." तो पुन्हा हॉलच्या दाराकडे बघायला लागला. "एक माणूस होता. पलंगाच्या कडेला बसून मोजे घालतोय. पाठमोरा. फार थकलेला वाटला बिचारा. मी तिथेच उभा राहिलो, म्हणून उशीर झाला. त्याच्या बायकोने काढलं असणार ते."

"कशावरून?" सुचित्रा स्टुलावरून पुढे झुकली.

"मोजे घालणाऱ्या माणसाकडे मागून एवढा वेळ दुसरं कोण बघतं?"

"तुला तो ओळखीचा नाही वाटला?"

"डोक्यामागचं टक्कल बघून आमच्या ऑफिसातल्या शिरोडकरांची आठवण झाली."

सुचित्रा उठली, पिशवी खाली ठेवून तिने पर्समधून फोन काढला. "वळ."

"काय?"

"वळ म्हणते ना."

तो वळला. तिने फोटो काढून फोन त्याच्या हातात दिला. गौतमने आधी फोन जवळ धरला, मग लांब धरला, मग चष्मा वर करून पाहिलं. हळूच त्याचा हात डोक्यामागे गेला. शिरोडकरांचा यात काही दोष नव्हता.

"योगा?" तो म्हणाला.

"नव्हता कधीच."

त्याने पिशवी उचलून स्टुलावर ठेवली आणि पिशवीकडे वळूनही न पाहता सुचित्राचा हात धरून आत गेला. फाटकाजवळून रामू काहीतरी ओरडला, ते दोघांनीही ऐकलं नाही.

अकरा नंबरसमोर उभं राहिल्यावर गौतमने नकळत पोट आत घेतलं आणि पाठ ताठ केली.

"नको," सुचित्रा म्हणाली. "असतोस तसाच उभा राहा."