तलवार नसलेल्या ढाली

आमच्या समोर राहणाऱ्या बळवंतअण्णांच्या घरात अठ्ठावीस ढाली आहेत आणि तलवार एकही नाही. शिवाजी पेठेत एवढ्या ढाली बाळगणारा माणूस एक तर इतिहासाने झपाटलेला असतो, नाहीतर नाटकाला सामान भाड्याने देणारा. अण्णा दोन्ही नाहीत. आगीच्या बंबावर नोकरी केली, निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात ढाल करायला बसले. त्याला आता वीस वर्षं झाली.

सुताराकडून लाकडाची गोल फळी आणायची, बादलीत भिजत घातलेलं बकऱ्याचं कातडं तिच्यावर ताणायचं, कडेने खिळे मारायचे. वाळताना कातडं आवळतं. मग काळा रंग, त्यावर चार पितळी फुलं. सांगायला सोपं आहे. त्या बादलीचा वास मात्र मला सांगता येणार नाही. माझ्या मुलीला बघायला आलेली मंडळी पोह्यांच्या बशा तशाच ठेवून उठली. अण्णा खिडकीतून ओरडले, "पावणं, बसा की! चार दिसांत जातोय वास." पाहुणे चार दिवस थांबणार कुठले?

लग्न असो, बारसं असो, अण्णा ढाल घेऊन हजर. आणि हातात दिली की एकच वाक्य, "पुढनं सगळीच बघत्यात. मागनं बघा." मागे मुठीला लागू नये म्हणून कापसाची छोटी गादी शिवलेली असते. ती दाबून बघितल्याशिवाय सुटका नाही. लोक गादी दाबतात, वा वा म्हणतात आणि घरी जाऊन ढाल पाण्याच्या बॅरलवर झाकण म्हणून ठेवतात. आमच्या एका शेजारणीने तिच्यावर सांडगे वाळत घातले होते. अण्णांनी पाहिले. मला वाटलं, आता भडकणार.

"वापरात हाय न्हवं? मग झालं," म्हणाले.

एकदा मात्र ते अडून बसले. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला दहा ढाली हव्या होत्या, प्रत्येकीमागे दोन तलवारी अडकवलेल्या. तलवारी तोच आणणार होता. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

"अण्णा, नुसती ढाल शोभेल का?" मी म्हणालो.

"मारायचं सामान ह्या घरात पुन्यांदा न्हाय, मास्तर."

त्यातला 'पुन्यांदा' माझ्या डोक्यात राहिला. पण मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात मला शिरोळला मावसभावाच्या घरभरणीला जायचं होतं. आदल्या दिवशी अण्णा चादरीत गुंडाळलेली ढाल घेऊन आले. त्यांचा मुलगा अजित शिरोळमध्ये ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो, एवढं मला माहीत होतं. अण्णांच्या बायको, आमच्या काकू, गेल्या तेव्हा तो आला होता आणि स्मशानातूनच परत गेला होता.

"एवढी त्याला द्या," अण्णा म्हणाले. मग ते जायचं सोडून दारातच उभे राहिले. "बारावीचा पेपर बुडवून मॅच खेळाय गेलता. मी ड्युटीवरनं आलो आनि कमरंचा पट्टा काढला. बंबावरचा पट्टा, चार बोटं रुंद. ही मधी पडली, तिलाबी लागला. पोरगं वरडलं न्हाय, मास्तर. वरडलं असतं तर मी थांबलो असतो."

त्याच संध्याकाळी अजित घरातून गेला होता. सव्वीस वर्षं झाली.

मी शिरोळला पोचलो. अजितने मला ओळखलं, वाकून नमस्कार केला, स्टूल पुसून बसायला दिलं. मी गाठोडं सोडलं. ढाल खरंच सुरेख झाली होती. अण्णांच्या हातून इतकी नितळ ढाल मी आजवर पाहिली नव्हती. अजितने हात लावला नाही. काउंटरपासून मागे सरला.

"चामडं हाय व्हय?"

"हो. अण्णांनीच केलीय, खास तुझ्यासाठी."

"काका, मी अजून कमरेला पट्टा लावत न्हाय. पँट ढिली झाली की शिंप्याकडनं आवळून आणतोय. बायको हसती. तिला मी अजून सांगितलं न्हाय." त्याने चादर परत नीट गुंडाळली आणि गाठ मारली. "तुमी चहा घ्या. ही तेवढी घेऊन जावा."

"एकदा येऊन तर जा. थकलेत रे आता."

"माझ्याच्यानं न्हाय व्हायचं, काका," तो म्हणाला. आवाजात राग असता तर मी वाद घातला असता. राग नव्हता. चहा मी कसाबसा संपवला.

एसटीत मांडीवर गाठोडं घेऊन मी थाप रचत होतो. ढाल आपल्या माळ्यावर लपवायची आणि सांगायचं, दिली, दुकानात मधोमध लावलीय. पण गल्लीच्या तोंडाशीच अण्णा उभे होते. कधीपासून उभे होते, देव जाणे. त्यांची नजर गाठोड्यावर गेली. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि काखेत मारलं. आम्ही चालू लागलो. त्यांच्या दारापाशी आलो.

कुलूप काढता काढता त्यांनी विचारलं, "केस हायत का त्याच्या डोक्यावर? आमच्यात चाळिशीला चंद्र हुतोय सगळ्यांचा."

"आहेत, अण्णा. दाट आहेत चांगले."

"व्हय?" ते वळले. गल्लीत भेटल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "म्हंजे आईवर गेलाय."

"हो, दिसतोही तसाच."

"बरं झालं," अण्णा म्हणाले, "माझ्यावर न्हाय गेला," आणि त्यांनी आत जाऊन दार लोटून घेतलं.