आबांच्या मागं कुणाला काय

आबांच्या घरी कुणी गेलं की ते आधी म्हणतात, "बसा." मग विचारतात, "चहा टाकायला सांगू का?" आणि मग त्याच सुरात, "माझ्या मागं तुमाला काय पायजे?"

मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी त्यांच्या बीपीच्या गोळ्या द्यायला गेले होते. मी म्हटलं, "काही नको." आबांचा चेहरा पडला.

"रुसलात का बाई?"

"रुसायचं काय त्यात?"

"मग नाव घ्या की एखाद्या वस्तूचं. मला लिवायचंय."

गोंधळून मी समोर खुंटीला दिसली ती पिठाची चाळणी मागितली. आबांनी ती तिथल्या तिथं एका चिठ्ठीवर टिपून घेतली. घरी आले तर आमचे हे म्हणाले, "मला टेबल फॅन मिळालाय. तुला?"

आबा म्हणजे किशनराव. मानवतला आमची आणि त्यांची एकच भिंत. जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होते. आता वय अठ्ठ्याहत्तर. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. दोन्ही मुलं पुण्याला. घरात आबा आणि मुलगी कमल.

पण गावात आबांची ओळख मुकादम म्हणून नाही, मानपानासाठी आहे. आमच्याकडे लग्नात नवरा-नवरीपेक्षा टॉवेल-टोपीला जास्त जपावं लागतं. कुणाच्या मावसभावाच्या साडूचं नाव राहिलं तर तो दहा वर्षं तोंड बघत नाही. म्हणून कुणाचंही लग्न असो, आहेराच्या माइकवर आबाच. "बोरीचे पाहुणे मंडपात असतील तिथून पुढं यावं!" त्यांच्या मंडपातून आजवर एकही पाहुणा रुसून गेला नाही, असं ते सांगतात. एक साडू गेला होता, पण तो जेवून गेला.

या सगळ्याला सुरुवात माझ्यामुळेच झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या शाळेतले एक गुरुजी अचानक गेले आणि त्यांच्या बायकोला दोन वर्षं कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. ते पाहून मी आणि आमच्या ह्यांनी एका रविवारी बसून मृत्युपत्र करून टाकलं. साक्षीदार म्हणून आबांना बोलावलं. त्यांनी कागद उलटून पाहिला.

"दीडच पान? तुमाला पाहुणे न्हाईत का?"

"आबा, हे मुलांसाठी असतं. आपल्या मागं त्यांचे हाल होऊ नयेत म्हणून."

"ते खरं. पर चार माणसं म्हणतील काय? नाव ऱ्हायलं तर तोंड दाखवायला जागा न्हाई."

तोंड दाखवायला आपण तेव्हा असणार नाही, हे मी त्यांना समजावून पाहिलं. त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते कोरे कागद घेऊन हजर. मृत्युपत्र हा शब्द त्यांना नको होता, वसियत म्हणायची. आणि लिहायची मी, कारण माझं अक्षर चांगलं.

पुढचे चार महिने काय झालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तांब्याचा हंडा आधी जिंतूरच्या बहिणीला होता, मग मेव्हण्याला, मग पुन्हा बहिणीला, आणि शेवटच्या कच्च्या कागदात तो दोघांनाही होता. नावं वाढत गेली आणि वस्तू संपल्या. तेव्हा आबांनी खल परभणीच्या मावसभावाला दिला आणि बत्ता बोरीच्या आतेभावाला. ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

"एकानं कुटायचं कशात आबा?"

"त्या निमित्तानं बोलतील."

यादीत दोन माणसं वारलेली होती. मी नावं खोडायला लागले तर आबांनी हात धरला. "पोरांना काय वाटंल त्यांच्या? बाप मेला अन् मान बी गेला?" मी नावं पुन्हा लिहिली. आता मेलेली माणसं आबांच्या मागं घंगाळ नेणार होती. मी विचार करणं सोडून दिलं.

मग परभणीच्या डॉक्टरांनी आबांच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख दिली. पुढचा शुक्रवार. आता पक्की प्रत करायला हवी, म्हणून मी सगळे कागद पहिल्यांदाच एका बैठकीत वाचले. अकरा पानं. त्रेसष्ट माणसं. पुन्हा एकदा वाचले.

"आबा, यात घर कुठाय?"

"घर हितंच हाय की."

"कागदात कुठाय? आणि कमलचं नाव कुठाय?"

आबा माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले, जसं मी वर्गातल्या ढ मुलाकडे बघते.

"बाई, घरच्या माणसाला कुठं आहेर असतो का? पोरांची नावं बी न्हाईत. कमल तर घरातच हाय. तिला पाहुण्यात धरू व्हय?"

क्षणभर मलाही ते बरोबर वाटलं. यजमानाच्या मुलीला माइकवरून कोण पुकारतं? मग मी पेन खाली ठेवलं.

कमल पंचेचाळीस वर्षांची आहे. लहानपणी ताप डोक्यात गेला, तेव्हापासून ती सात-आठ वर्षांचीच राहिली. भाकरी सुंदर करते. घरापासून गिरणीपर्यंतचा रस्ता तिला येतो आणि मारुतीच्या देवळापर्यंतचा. तिसरा रस्ता येत नाही.

"आबा, घर तुमच्या कमाईचं आहे. कागद केला नाहीत तर ते तिघांचं होईल. दोघांनी विकायचं म्हटलं तर कमल काय करेल? जिथं म्हणतील तिथं अंगठा देईल आणि वर त्यांना चहा विचारेल."

"भाऊ हायेत ते तिचे."

"आहेतच. वाईट नाहीत. पण पुण्यात दोन-दोन खोल्यांत राहतात."

आबांनी आतल्या दाराकडे बघितलं. आतून कमलचा भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"मला काय कळंना व्हय बाई? पयल्या दिवशीच कळलं," ते म्हणाले. "पर तिचं नाव लिवलं की, ती हितं हाय अन् मी न्हाई, असं दिसायला लागतंय. ती हाका मारायलीय अन् मी न्हाई. म्हणून म्हणलं, आधी पाहुण्यांचं उरकून घेऊ."

मी नवा कागद घेतला. घर कमलचं, ती असेपर्यंत कुणी विकायचं नाही, तिच्या मागं दोन्ही भावांचं. पाच ओळी झाल्या. मुलांना आत्ताच सांगा, नंतर कळलं तर खरंच रुसतील, असं म्हणून मी आबांना फोन लावायला लावला. धाकटा लगेच "बरं" म्हणाला. थोरलाही म्हणाला, थोडं थांबून.

साक्षीला मी आणि समोरचे मेडिकलवाले. पण आबा सही करेनात. आधी पुकारलं पाहिजे म्हणाले. त्यांनी कमलला हाक मारली. ती पिठाचे हात घेऊन दारात उभी राहिली. आबांनी घसा साफ केला आणि मंडपातल्या आवाजात वाचलं, "हे घर माझी मुलगी कमल हिचं."

कमलनं घराकडे एकदा बघितलं.

"मग तुमी कुठं राहणार आबा?"

मेडिकलवाल्यांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

"तू ठेवून घेतलंस तर हितंच," आबा म्हणाले.

कमलनं थोडा विचार केला. "ऱ्हावा की," म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटायला आत गेली.

आबांनी सही करायला माझ्याकडे पेन मागितलं. ते त्यांच्या हातातच होतं.