हुसेनभाईंचा शनिवार

सभेला बसलेला माणूस ऐकतो, पेंगतो किंवा नखं कुरतडतो. आमच्या कारखान्यातले हुसेनभाई तांबोळी यातलं काहीच करत नसत, कारण ते सभेला बसतच नसत. भिंतीला टेकून उभे राहत. अंगात एप्रन, हातात चामडी मोजे, डोळ्यांवर ग्राइंडिंगचा चष्मा. सभा संपली की एकच प्रश्न विचारत, "सायेब, ह्या घडीला मी कंपनीचा हाय का माझा?"

हा प्रश्न मी दोन वर्षं ऐकला आणि दर वेळी माझं डोकं उठलं.

उरवड्याच्या त्या कारखान्यात मी टाइम ऑफिसात क्लार्क होतो. घर कासार आंबोलीचं. वडील दुसऱ्याच्या बांधावर गवत कापत, आई रस्त्याच्या कामावर खडी फोडी. सणाला घरात गूळ आला तर आम्ही भावंडं त्याचा कागद चाटत असू. त्या घरातून मी बी.कॉम. झालो. कॉलेजला सायकलवर जायचो आणि भूगावच्या चढाला ती हातात धरून ढकलायचो. गावात माझ्याआधी कुणी ग्रॅज्युएट झालं नव्हतं, हे मी कुणी न विचारताही सांगत असे. नोकरी लागली त्या महिन्यात आईने खडी फोडणं सोडलं. मी अजून प्रोबेशनवर होतो. नोकरी गेली असती तर आईच्या हातात पुन्हा हातोडा आला असता.

आणि अशा वेळी माझ्या नशिबी हुसेनभाई.

शिफ्ट साडेचारला सुटे. बहुतेक शनिवारी मॅनेजरसाहेब त्यानंतर सभा घेत. ती आहे की नाही हे दुपारी जेवणाच्या सुट्टीत फळ्यावर लिहिलं जाई. साहेब शिस्तीवर दीड तास बोलत. न थांबणाऱ्याचा सोमवारी खाडा. मात्र सभेला बसण्याआधी प्रत्येकाने कार्ड पंच करून यायचं, म्हणजे कागदोपत्री सगळे साडेचारला घरी गेलेले. सगळे मुकाट्याने पंच करत. हुसेनभाई करत नसत. सभा संपवून सहाला ते मशीनसमोर येत, कार्ड आत सारत आणि टण् आवाज झाला की समाधानाने मान हलवत.

एकदा साहेबांनी भर सभेत विचारलं की उत्पादन वाढवायला कोण कोण तयार आहे, हात वर करा. सगळ्यांचे वर गेले. हुसेनभाईंचे खालीच. साहेबांनी कारण विचारलं तर म्हणाले, हात साडेचारलाच सुटीवर गेलेत. दुसऱ्यांदा साहेबांनी त्यांना खुर्ची सरकवायला सांगितली. हे जागचे हलले नाहीत. "ड्यूटी असंल तर कार्डावर लिवा. पाहुनचार असंल तर चहा आना." पॅकिंगच्या बाया पदरात तोंड घालून हसल्या आणि साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू हुसेनभाईंना मीच जन्माला घातलंय.

मी त्यांना पुष्कळ समजावलं. म्हटलं, हुसेनभाई, एवढं एक कार्ड पंच केल्याने तुमचं काय झिजतं? तर मलाच म्हणायचे, "ग्रॅज्वेट, तू शिकलेला मानूस. तूच सांग, सायेब बोलतोय तवर मी घरी जाऊ शकतो का?" नाही, म्हटलं. "मग मी कुनाचा?" यावर बी.कॉम.च्या कुठल्याच पेपरात उत्तर नव्हतं. मी चिडून फायलीत डोकं घाली, आणि ते माझ्याच टेबलावरचं पाणी पिऊन जात.

शेवटी साहेबांनी मला बोलावून सांगितलं, तांबोळीचं कार्ड नीट करत जा, नाहीतर तुझं कन्फर्मेशन विसर. मी नीट केलं. पण माझ्या पद्धतीने. हिशेबातली दुरुस्ती कशी करायची ते कॉलेजात शिकवलं होतं: खाडाखोड नाही, रबर नाही, लाल शाईची एकच सरळ रेघ, मूळचं वाचता आलं पाहिजे, वर नवा आकडा आणि शेजारी सही. सहा वाजून पाचवर लाल रेघ, वर साडेचार, शेजारी माझी सही. दर शनिवारचं कार्ड मी असं नक्षीदार केलं. हुसेनभाईंना दाखवलं तर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कार्ड लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "अक्षर झ्याक हाय. असंच लिवत जा." मला वाटलं, टोमणा मारतायत.

मग एके दिवशी फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. कार्डांचा गठ्ठा चाळता चाळता एका कार्डावर थांबले. सगळा कारखाना साडेचारला घरी, एकच माणूस सहापर्यंत आत, आणि दर वेळी लाल रेघ. सही कुणाची, म्हणून विचारलं. माझी, म्हटलं. हा माणूस सहापर्यंत कुठे होता? मागे साहेब उभे होते. मला आईचे हात दिसले. पण सहीखालचं माझं नाव इतकं स्वच्छ वाचता येत होतं, की तोंडून निघून गेलं, "सभेत. सगळेच सभेत होते. न थांबणाऱ्याचा खाडा लागतो."

भूगावचा चढ आपण खोट्याखाली सही करायला चढलो नव्हतो, असं मी नंतर गावात सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरून खरं बोललो.

झालेल्या सभांचे पैसे जादा कामाच्या दराने सगळ्यांना चुकते झाले. साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी सभा साडेतीनवर आणली आणि मला कायम केलं.

त्या पहिल्या शनिवारी सगळे साडेचारला हसतखिदळत सुटले. पौडकडे जाणारी एसटी फाट्यावर उभी होती. मी सायकलवरून पाहतो तर हुसेनभाई बाहेर दगडावर बसलेले. गाडी भरली, निघाली, गेली. हे तसेच. मी वैतागून सायकल टेकवली. म्हटलं, दोन वर्षं माझं रक्त आटवलंत साडेचारला सुटण्यापायी, आणि आज वेळेवर सुटलात तर गाडी सोडून दिलीत?

"बस जरा," ते म्हणाले. चष्मा कपाळावर सरकवलेला होता. तो नसताना त्यांचे डोळे मी पहिल्यांदाच पाहिले.

त्यांची बायको शनिवारी पौडच्या बाजारात यायची. बाजार करून स्टँडवर ह्या गाडीची वाट बघायची, मग पिशवी हे घ्यायचे आणि दोघं चालत घरी जायचे. सभा लागली की गाडी चुके. पुढची साडेसातला पोचे. निरोप कुणाजवळ द्यायचा? ती तशीच उभी असे.

"म्हनायची, बसायला जागा हुती की. खोटं बोलायची. तवा मी बी कार्ड पंच करून गप बसायचो, ग्रॅज्वेट. सगळ्यांसारका. ती गेल्यावर मग उभा ऱ्हायलो."

मी शेजारच्या दगडावर टेकलो.

"आता ही गाडी घेववत न्हाई. स्टँडवर उतरलं की तितंच नजर जाती." त्यांनी मोजे झटकून मांडीवर ठेवले. "माझ्या येळेचं मिळालं. तिच्या येळेचं कुनाकडं मागू?"

पुढची गाडी येईपर्यंत मी त्यांच्याजवळ बसलो.

मी त्या कारखान्यात असेपर्यंत सभा कामाच्या वेळेतच झाली. एकदाच ती लांबली, आणि त्या पाऊण तासाचा जादा पगार सगळ्यांना मिळाला.