खडूची रेघ आन माझी थुंकी

निमोणकर सर लॅबात आले की पहिली नजर जमिनीकडं. फरशीवरची खडूची रेघ शाबूत हाय का, ते बघायचे. मगच चपला काढायचे.

संगमनेरच्या आमच्या कॉलेजात तवा हॉल एकच. अर्ध्यात सरांचं रसायन, अर्ध्यात जीवशास्त्र, मधी सरांची रेघ. मी दोन्हीकडचा हमाल. शाळेचं तोंड बघितलेलं न्हाई, म्हनून बाटल्या रंगावरनं वळखायचो. एकदा साखर म्हनून चहात काय घातलं ते आजून कुनाला ठाव न्हाई. पिलो मीच. तीन दिस रजेवर हुतो.

रेघ रोज मीच काढायचो. वाकडी आली की सर म्हनायचे, "बबन, पुन्हा." दुसरी आनखी वाकडी यायची.

जीवशास्त्राला बेडूक आनायचं कामबी माझंच. एकदा पिशवी सुटली आन एक बेडूक रेघ वलांडून सरांच्या टेबलाखाली. मी पोटावर सरपटत त्याच्यामागं. सर खुर्चीवर चढून वरडले, "जीव तिकडं!" बेडूक गेला. मीबी गेलो. म्हणलं, आपल्यातबी आसंल थोडा.

"जीव तिकडं" हे त्यांचं सारखंच. माशी आली, जीव तिकडं. पोरानं जांभई दिली, जीव तिकडं. एकदा मला म्हनाले, "पदार्थ बरा, बबन. तो मरत नाही." मी हसलो. हसायचं न्हवतं. सरांचं लेकरू सव्वा महिन्याचं हून गेल्तं. तवापासनं बाई पुनतांब्याला, म्हायारी. कुनाशी बोलायच्या न्हाईत. सर दोनदा गेले, दोनदा त्यांनी तोंड फिरवलं. मग सरांनी जानंच सोडलं आन रेघ सुरू झाली. हे मला ठाव हुतं. तरी हसलो, आसला मी.

दुष्काळाचं साल. प्रवरेत नुस्ती वाळू. एक दिवस सर पुन्याच्या दोस्ताचं पत्र घिऊन आले. चपला तशाच पायात.

"रसायनाचं बक्षीस, बबन! जगातलं सगळ्यात मोठं! आणि दिलं कशासाठी? गुराच्या पोटातल्या रसासाठी! हे तर तिकडचं काम!"

"मग तिकडं द्या की परत," मी म्हणलं.

"गाढवा, ऐक. तो रस म्हणजे गुंडाळलेला दोरा. त्यांनी औषध घालून सगळा दोरा उलगडला. रस काम करेना. मग ते औषध काढून घेतलं, तर दोरा आपला आपण गुंडाळला. होता तसा. कुणी शिकवलं नाही."

"म्हंजी मधी त्यो मेल्ता का जित्ता हुता?"

सर रेघेकडं बघत बसले. म्हनाले, "तेच कळत नाही."

दुसऱ्या दिवशी म्हनाले, "बबन, थुंक."

दहा वर्षं 'बबन, थुंकू नकोस' आयकलेला मानूस मी. दोनदा इचारलं.

"तंबाखू टाक. पाच चुळा भर. मग थुंक."

गुराचा रस हितं कुठला? पर थुंकीतबी तसलाच एक रस आसतो म्हने. भाताच्या पेजेत आयोडीन टाकलं की ती निळी हुती, थुंकी घातली की निळं जातं. माझी थुंकी चालली. घरान्यात पास झालेली पहिली चीज. मग सरांनी तिच्यात युरिया घातला, शेतात टाकत्यात त्योच, पर बाटलीतला. निळं जाईना. दोरा उलगडला.

आता युरिया काढायचा. थुंकी जिलेटिन कागदाच्या पुरचुंडीत बांधून पान्यात ठिवली. युरिया भाईर झिरपतो, रस आत ऱ्हातो. सर म्हनाले, "दर तासाला पाणी बदल," आन वर्गावर गेले.

नळाला चार दिसाआड पानी. मी एकदाच बदललं. बाकीचं तोंडानं बदललं.

दुपारी सरांनी पुरचुंडी सोडली. पेज निळी ती निळीच. सर खाली बसले, रेघेवरच. "नाही येत परत," म्हनाले. "उगाच मेलो आशा धरून. ऊठ बबन, रेघ नीट काढ."

मी खडू घेतला. हात चालंना.

"सर, पानी मी एकदाच बदललं. लबाडी केली."

वाटलं, आता कानफाटात बसती. सर उठले, त्यांचा प्यायचा माठ उचलला आन माझ्यापुढं ठिवला. "बदल."

दुसऱ्या दिवशी नवी थुंकी, नवी पुरचुंडी. दिसभर मी पानी बदलत हुतो, सर घड्याळ बघत हुते. दोघांचेबी घसे कोरडे. दिस कलला तवा पेज निळी केली, रस घातला. बघत बसलो. निळं जांभळं झालं, मग तांबूस, मग काईच न्हाई.

"आली!" मी म्हणलं. "माझी थुंकी आली, सर!"

सर हसले न्हाईत. "आपण काही केलं नाही, बबन. नुसतं पाणी बदलत राहिलो."

चपला घालताना म्हनाले, "पुणतांब्याकडं जायला सकाळी गाडी असते ना?"

"हाय की. सातला."

"तिनं पुन्हा तोंड फिरवलं तर?"

मी अडानी, काय सांगनार? म्हणलं, "सर, एका पान्यानं माझीबी आली न्हवती."

चार दिस सर आले न्हाईत. मी सकाळी खडू हातात घ्यायचो आन परत ठिवायचो. वाकडी आली म्हनून सांगनार कोन?